लेकीने फार चेष्टा केली

मी सातवीनंतर शाळा सोडली तेव्हा गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझी लेक मयुरी नववीत नापास झाली, ते मात्र आम्ही राहतो त्या अख्ख्या कुरुदला कळलं. (रडण्याचा आवाज माझा होता.)

आठवीपर्यंत बरी चाललेली पोर हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी गणितात अशी आपटली की विचारू नका! तिचे बाबा प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर. ते म्हणाले, "अजून एक साल देऊन पाहू. पुन्हा आपटली तं शिलाईच्या क्लासले टाकू."

झालं! वर्षभर ती नववीचा अभ्यास पुन्हा करत होती आणि मी नवस. माहेर गोंदियाकडे, इथं हिंदी मुलखात मन मोकळं करायला कुणी नाही; म्हणून दिसेल त्या देवाला नारळ बोलून ठेवला.

निकालाच्या दिवशी नेमकी ह्यांची शिफ्ट. मयुरीला घेऊन मी एकटीच शाळेत गेले. माझी हिंदी भाजीबाजारातली. तिच्या सरांची एकदम रेडिओवरच्या बातम्यांसारखी! निकालाचा कागद हातात घडी घालून धरलेला, आणि म्हणतात कसे,

"माताजी, आपकी बिटिया ने इस वर्ष बहुत चेष्टा की।"

नापास होणं मी एकवेळ समजू शकते, पण ही पोर शाळेत टवाळी करून राहिली?

"किसकी की, सरजी?"

"सबसे अधिक तो गणित की!"

गणिताच्या मॅडम बाजूच्याच खुर्चीवर! मी त्यांच्याकडे वळले. "सच में, मॅडमजी?"

"अरे, रोज़! छुट्टी के बाद भी मेरे सामने बैठकर चेष्टा करती थी," मॅडम हसत म्हणाल्या. (हसत! केवढं मोठं मन!)

"मयुरे, कान पकड!"

"आई, ऐक ना..."

"मले काही ऐकाचं नाही! मॅडमच्या तोंडावर चेष्टा? अन् वरून हसून राहिली?"

पोरगी खरंच तोंडावर ओढणी दाबून हसत होती! मी सरांपुढे हात जोडले. "माफ करो सरजी. अब से ये बिलकुल चेष्टा नहीं करेंगी. मेरी गॅरंटी!"

सर दचकले. "नहीं, नहीं, करने दीजिए! हम तो चाहते हैं, पूरी कक्षा ऐसी चेष्टा करे!"

हा टोमणा वर्मी लागला. मग मीच माझे कान धरले. "इसको शाळा से मत निकालो सरजी! मैं शाळा छोडी, तो अभी तक बँक में दूसरों से फॉर्म भरवाती. इसको शिकने दो!" आणि रडूच कोसळलं. शिपाई पाणी घेऊन धावला. दारात बाकीचे पालक गोळा झाले.

"आई!" मयुरी शेवटी ओरडलीच. "हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश! मेहनत! सर तारीफ करून राहिले माही!"

मी कान सोडले. "मंग पहिले कावून नाही सांगितलं?"

"तू बोलू देशील तं!"

सरांनी घाईघाईनं कागद उघडला. पास! गणितातसुद्धा! पोरगी दहावीत! मी सरांच्या पाया पडले, मॅडमच्या पडले, आणि त्याच झपाट्यात पाणी आणणाऱ्या शिपायाच्याही पडले. (तो बिचारा पेला सांभाळत मागे मागे सरकत होता.)

फाटकाबाहेर येऊन पहिला फोन गावी, माझ्या दादाला. आनंदानं जीभ थांबेना.

"दादा, मयुरी दहावीत गेली! सर म्हणे, हिच्यासारखी चेष्टा साऱ्या शाळेत कोणी केली नाही!"

दादा हळूच म्हणाला, "पास झाली न? बस. आता पोरीले रागावू नको. पन तू जाऊन त्या सरची माफी मागून घे."

"मागितली न दादा," मी म्हणाले, "पहिलेच मागितली. कान धरून!"