आमचं ॲप आणि समोरचा शेंगावाला

लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी ओळखीचं बसलं की हमखास विचारतं, "काय मग, तुमच्या ॲपचं नवीन काय?" मी एखादा किस्सा सांगतो, सगळे पोट धरून हसतात, आणि मी खाली मान घालून वरण-भात कालवत बसतो. असे किस्से जमवावे लागत नाहीत हो. काउंटरवर उभं राहिलं की आपोआप साचतात!

तळोद्यात एका मोठ्या कंपनीचं सुपरमार्केट आहे, त्याचा मी मॅनेजर. कंपनीने स्वतःचं पैसे भरायचं ॲप काढलं आणि आम्हाला हुकूम आला: काउंटरवरचा स्कॅनर काढा. म्हणजे कुठल्याही फोनवरून, कुठल्याही ॲपने पैसे देता येतात तो चौकोनी ठिपक्यांचा कागद. यापुढे एकतर रोख, नाहीतर आमचं ॲप. कंपनीचं काय, उद्या शटर ओढून पुण्याला जाईल. मला याच गावात राहायचंय आणि याच लोकांना तोंड दाखवायचंय.

*

पहिल्याच दिवशी आमचे शाळेतले गुरुजी आले. टोपलीभर सामान घेतलं आणि ऐटीत फोन काढला. कॅशियर सुरेखा म्हणाली, "गुरुजी, हे नाही चालत. आमचं ॲप टाका."

गुरुजींनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो समोरला शेंगावाला लेस, तू काबर लेत नही रे?"

गुरुजी रस्ता ओलांडून गेले, हातगाडीवरचा स्कॅनर स्कॅन करून शेंगावाल्याला पैसे पाठवले, त्याच्याकडून रोख घेतली आणि येऊन बिल भरलं. जाताना भिडेखातर शेंगाही घ्याव्या लागल्या.

महिनाभरात ती रीतच पडली. गिऱ्हाईक आमच्याकडे सामान निवडतं, समोर जाऊन रोख आणतं, शेंगा सोलत परत येतं. आमच्या फरशीवर टरफलंच टरफलं! शेंगावाल्याने दुसरी गाडी घेतली. मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "भाऊ, तुन्हं दुकान शे म्हनीसन मन्हा धंदा जोरमा शे!"

*

पुण्याहून मोठे साहेब आले. टाय वगैरे. स्टाफला ओळीत उभं करून अर्धा तास बोलले. गिऱ्हाइकाची सवय बदलायची असते, म्हणाले. आपला माणूस आपलंच ॲप वापरेल, म्हणाले.

मग त्यांना शेंगांचा वास आला.

मी दारातून बघत होतो. साहेबांनी पुडी घेतली, खिशातून फोन काढला आणि टुण्णकन स्कॅन केलं. वळले तर समोर मी!

"सवय आहे रे," ते म्हणाले आणि पुडी माझ्यापुढे धरली. मी दोन शेंगा घेतल्या. दुसरं काय करणार?

*

घरीसुद्धा इज्जत नाही. परवा मिसळणाच्या डब्यात नवी हळद दिसली, आमच्या दुकानात न मिळणाऱ्या कंपनीची. बायकोला विचारलं.

"बाजारातून आणली."

"नवरा सुपरमार्केटचा मॅनेजर असताना?"

"मागल्या खेपेला तुमच्या काउंटरवर ॲप अर्धा तास गोल गोल फिरी ऱ्हायनं व्हतं. मांगे मन्ही सगळी भिशी उभी! आते मी नही येणार."

भाजी मात्र त्या दिवशी छान झाली होती.

*

रुमलीबाई ही वर डोंगरात, मोलगीच्याही पलीकडची. जीपने उतरून तळोद्याला यायची. तिचा नवरा जामसिंग ऊसतोडीला गुजरातमध्ये, आणि घरातला एकुलता फोन त्याच्या खिशात. तिचं ॲपचं खातं काढायला नंबर त्याचाच दिला, त्यामुळे ॲप उघडायचा ओटीपी गेला थेट गुजरातच्या फडात!

सुरेखा डोंगरातलीच, तिला तिकडची पावरी बोली येते. तिने दुकानाच्या फोनवरून जामसिंगला लावलं. दुकानातून फोन म्हटल्यावर तो घाबरला, बायकोला काय झालं म्हणून. सुरेखाने फोन रुमलीबाईच्या हातात दिला. झालं! दिवाळीपासून दोघं बोलले नव्हते. शेळी व्याल्याचं निघालं, म्हातारीच्या गुडघ्याचं निघालं, कुडाचं निघालं. मागे रांग दारापर्यंत गेली, पण एक माणूस कुरकुरला नाही. ओटीपी कधीच बाद झाला होता. रुमलीबाईने पदराने फोन पुसून परत दिला आणि ॲप न उघडताच हसत निघून गेली.

संध्याकाळी रिपोर्टमध्ये ॲप का उघडलं नाही याचं कारण भरायचं होतं. सुरेखाला विचारलं, "काय लिहू?"

"लिहा सर, नवरा-बायकोचं बोलणं झालं."

*

इथून पुढचं पंगतीत सांगत नाही.

संक्रांतीच्या सुमारास जामसिंग मजुरी घेऊन घरी आला, फोन बायकोजवळ ठेवून परत फडावर गेला. काही दिवसांनी रुमलीबाई एकटीच दुकानात आली. सुरेखाची सुट्टी होती. पदराची गाठ सोडून तिने नोटा माझ्यापुढे ठेवल्या.

"ठेवशी का?" डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टर असला तरी.

"ठेवतो ना! ॲपमध्ये एकदम सेफ."

"होळीले काढसू."

"काढ की!" म्हणालो. होळीची खरेदी करेल, असं समजलो. महिनाअखेर होती आणि डोक्यात ॲपचं टार्गेट होतं. तिच्या फोनवर ॲप उघडून सगळे पैसे त्यात भरून टाकले.

मोलगीकडे जुनी रीत आहे. मजुरीचा पैसा घरात टिकत नाही, म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायचा. लागेल तेव्हा मागायचा, तो मोजून देतो. मला ही रीत लहानपणापासून माहीत आहे. पण ती मला त्याच रीतीने विचारतेय, हे डोक्यात आलं नाही.

होळीच्या आधी ती आली. पोरीला चांदीची साखळी घ्यायची होती, जामसिंगला होळीत कमरेला बांधून नाचायचे घुंगरू. "पैसा दे."

ॲपमधले पैसे बाहेर निघत नाहीत. त्यातून फक्त आमच्याच दुकानातला माल मिळतो. मी पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "अहो, कस्टमर शॉपिंग करू शकते ना?" सुरेखाने हे तिला पावरीत समजावलं. तिने ऐकून घेतलं, मग मला विचारलं, "होळीले साबण बांधीसन नाचू का?"

कोणी हसलं नाही. मी स्वतःच्या खिशात हात घातला आणि नोटा काढल्या.

"तुन्हा नको," ती म्हणाली. "मन्हा दे."

बराच वेळ ती साबणाच्या रॅकसमोर उभी राहिली. मग ॲपमध्ये होते नव्हते तेवढ्या पैशांचा साबण, तेल आणि धुण्याची पावडर उचलली. सुरेखाने गाठोडं बांधून तिच्या डोक्यावर दिलं. मी बिल फाडलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

*

होळीआधी मोलगीला भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, पावरीचे सूर, रंगीत फेटे, गूळ, दाळ्या, चांदीची दुकानं. अख्खा डोंगर खाली उतरतो. कंपनीला ही गर्दी कुठूनतरी कळली आणि हुकूम आला: स्टॉल लावा, ॲप घेणाऱ्याला साबण फुकट!

मंडपवाला आलाच नाही. मग बॅनर जमिनीवर अंथरला, साबणाची चळत रचली आणि ॲपचं नाव छापलेला टी-शर्ट घालून मीच त्यावर मांडी घातली. मोलगीत त्या दिवशी नेटवर्कचा पत्ता नव्हता. सकाळपासून एक माणूस फिरकला नाही. एक शेळी येऊन बॅनरचा कोपरा चावून गेली.

समोर बघतो तर रुमलीबाई! लुगड्याचा तुकडा अंथरून बसलेली. त्यावर आमचाच साबण, आमचंच तेल, आमचीच पावडर, किंमत आमच्यापेक्षा कमी. गिऱ्हाईक नुसतं तुटून पडत होतं. मी बॅनरवर जमेल तेवढा पाठमोरा वळून बसलो.

दुपारपर्यंत तिचा माल संपत आला. तिने कापड झटकलं, उरलेल्या वड्या पदरात घेतल्या आणि थेट माझ्याकडे आली. आता बाजारात चारचौघांत शिव्या घालणार, असं वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं.

ती समोर उकिडवी बसली. माझ्या साबणाची चळत पाहिली, अंथरलेला बॅनर पाहिला, रिकामे हात पाहिले. मग सरकून जवळ आली आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"साहेब, तुन्हा बी पैसा अडकी गयात का?"