तबकड्यांचा गार कोपरा

खर्ड्याची भीमाबाई पाथर्डीत दिली तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. नवऱ्याचं नाव श्रीमंत. दिवाळी झाली की तो कोयता घेऊन ऊसतोडीला जात नव्हता. लग्नाकार्यात गाण्याच्या तबकड्या वाजवत होता. त्याच्याकडे भोंगा होता, बॅटरी होती, आणि तबकड्यांची लाकडी पेटी. ही पेटीच भीमाबाईच्या डोळ्यांत सलू लागली.

पत्र्याच्या घरात गारवा एकाच जागी, रांजणाजवळच्या फरशीवर. पेटी तिथं, विटांवर. श्रीमंत तबकड्या उभ्या ठेवायचा. आडव्या रचल्या तर खालचीवर भार येतो. रेघांत धूळ बसली की सुई खरखरते, म्हणून धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचा, बोटं फक्त कडेला लावून.

भीमाबाईला सातवा महिना लागला. ऊन चैत्राचं.

"अहो, पेटी हलवा की. माझं आंथरूण टाकते तिथं."

"उन्हाळ्यात तबकड्या वाकत्यात, भीमे. तू थोडीच वाकतीस?"

"मंग सारवण कोन करतं वाकून? ह्या तुमच्या बाया?"

तो हसला आणि पुसत राहिला.

शेजारची लंकाबाई चिडवायची, "सवत तर सवत, ती बी काळीकुट्ट!" भीमाबाई वरून हसायची, आतून जळायची.

एके दिवशी श्रीमंत बॅटरी भरून आणायला गेला. भीमाबाईनं अंगणात कुरडया घातल्या होत्या. आपल्याकडे साठवणीच्या वस्तूला ऊन दाखवायची रीतच आहे. डाळी, वाकळा, बियाणं. तिनं तबकड्याही बाजेवर मांडल्या.

"हे काय गं?" लंकाबाईनं विचारलं.

"रांजनाच्या वलीनं बुरशी धरंल."

तबकड्या वाकतात हे तिनं ऐकलं होतं. पण डाळीला जे होत नाही ते यांना काय होणार? आणि झालंच, तर होऊ दे.

दुपारपर्यंत कडा पापडासारख्या उचलल्या. भीमाबाईनं ते बघितलं. तरीही तिनं रिकाम्या कोपऱ्यात आंथरूण टाकलं आणि आडवी झाली.

श्रीमंत आला, बाजेकडे बघून जागीच थिजला. तबकड्या घाईनं गोळा करून आत धावला.

"गरम हायेत तवर दाबाय पायजेत. सपाट फरशी तेवढीच हाय. सरक जरा."

"न्हाई सरकायची. तुमच्या लेकराला बी ऊन लागतं."

तो तिच्या पोटाकडे बघत राहिला. मग वळला. समोरच्या भिंतीशी लाकडी पाटावर तबकड्या ठेवल्या, वरून दुसरा पाट, त्यावर वाटायचा जड पाटा.

कोपरा भीमाबाईचा झाला. पाठीला फरशी गार लागत होती. तेवढ्यात श्रीमंतनं बाजूला राहिलेली एक तबकडी उचलली, तिच्यावर हलकेच फुंकर घातली, आणि कडेवर बोट असं फिरवलं की भीमाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.