एककण्यांचा संसार

आमच्या संस्थेत त्यांना सगळे एककणे म्हणतात. अगदी तोंडावरसुद्धा. विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य, न्यूट्रिनो कणांचं नखभर वस्तुमान आणि वैश्विक किरणांमधले जास्तीचे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनची उलट्या भाराची भावंडं, ही तिन्ही कोडी एकच जड कण सोडवतो, असं त्यांचं गणित. लोक एका दगडात दोन पक्षी मारतात, यांचे तीन. त्या कणापायी त्यांनी लग्न केलं नाही, की यांच्याशी कुणी केलं नाही, देव जाणे. गणितातला जोडीदार कंटाळून केव्हाच हवामान खात्यात गेला. त्याच्या टेबलावर आता चहाची किटली असते. चौकशी करणारं माणूस एकच, थोरली बहीण. दर रविवारी फोनवर विचारते, "सापडला का रे?"

मी शेजारच्या खोलीत बसते. माझं काम हे पॉझिट्रॉन मोजण्याचं, त्यामुळे सिद्धांतवाल्यांचं मला फारसं कौतुक नाही. आमच्यात रीत अशी, की मोजणीचा आलेख उघडण्याआधी प्रत्येकाने आपलं भाकीत सांगून टाकायचं. म्हणजे नंतर पळवाट नको. बाकीचे हुशार. "इथपासून तिथपर्यंत कुठेही" म्हणून मोकळे होतात, आणि कण दिसला नाही की त्याला आणखी जड करतात. एककण्यांनी ऊर्जेचा एकच आकडा दिला. त्या ऊर्जेपर्यंत पॉझिट्रॉन वाढत जातील आणि पुढे कडा तुटावा तसे एकदम संपतील.

"थोडी जागा ठेवा की," मी म्हटलं.

"आजवर जागाच ठेवत आलोय," ते म्हणाले.

आलेख उघडला. कडा नव्हता. निवांत उतार होता, कुठल्याही नव्या कणाशिवाय, नुसत्या मेलेल्या ताऱ्यांकडून पॉझिट्रॉन आले तर दिसेल तसा. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, एकाऐवजी दोन कण धरा, गणित आलेखात बसेल."

"दोन धरले तर आलेखात हत्तीही बसेल," ते हसून म्हणाले. मला त्या हसण्याचा रागच आला. रडले असते तर बरं झालं असतं.

रविवार नव्हता, तरी त्यांनी बहिणीला फोन लावला. माझ्याच खोलीतून, कारण स्वतःच्या खोलीत त्यांना जाववेना. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिचाही आवाज मोठा. मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, तो नव्हताच गं."

 ती म्हणाली, "मग इतकी वर्षं तू तिथे राहिलास तरी कुणाबरोबर?"

ते फोन कानाला धरून उभे राहिले. मी उठून जोडीदाराच्या टेबलावरची किटली घेऊन आले.