लाल गाडीतली घरघर

माझ्या गाडीला दोनच सीट आहेत, हे मला सगळ्या पोलादपूर तालुक्याने सांगून झालं आहे. जणू गाडी घेताना मी मोजायला विसरले होते. वाडीवरच्या चुलतीने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "मागची मान्सं कुठं बसतात गो?"

"मागे माणसंच नाहीत, काकू."

"मग एवढी गाडी कशाला?"

लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. सेकंडहँड, पण आधीच्या मालकाने जपलेली. मी बिरवाडीला खोली घेऊन राहते, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, लग्न केलेलं नाही, आणि कॉलेजात असल्यापासून मला अशीच गाडी हवी होती. एवढं कारण मला पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांनी आपापल्या गाड्या घ्याव्यात.

गाडी घेतली त्याच हिवाळ्यात बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. अगदी गेला असं नाही, पण बोलायला लागले की शब्दांऐवजी नुसता श्वास ऐकू यायचा. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. महाबळेश्वरच्या घाटात, इंजिनच्या वर आवाज चढवून, पाठीमागच्या कंडक्टरशी गप्पा मारत त्यांची सगळी नोकरी गेली. घरीसुद्धा ते घाटातच असल्यासारखे बोलायचे. त्या माणसाला आता पाणी मागितलं तरी तीनतीनदा "काय?" ऐकावं लागायचं.

आई नाही. बाबा पोलादपूरच्या वरच्या वाडीत स्वतःच्या घरात राहतात, जेवण शेजारच्या काकूकडून येतं. घरात सदा कुणीतरी बसलेलं, टीव्ही लावलेला. बाबांनी तोंड उघडलं की कुणीतरी त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळं. "त्यांना चहा हवाय." "त्यांना झोप आलीय." दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, मुंबईहून लहान मुलांची पाटी पाठवली, लिहून दाखवायला. बाबांनी ती तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. मला जवळ बोलावून म्हणाले, "मी मुका नाय." तेवढं मला ओठांवरून कळलं.

आवाजाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई महाडला बसतात. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी बाबांना तिकडे न्यायला लागले. गाडी वाडीच्या चढावर येत नाही, पोट घासतं, म्हणून ती खाली रस्त्याला लावायची आणि बाबा चालत उतरायचे. गाडीत शिरताना आधी पाठ आत, मग एकेक पाय. बसले की पट्टा लावायचे, आरसा बघायचे. त्यांच्या बाजूचा आरसा त्यांच्यासाठी नसतो हे त्यांना मान्य नव्हतं.

आणि गाडी हायवेला लागली की ते बोलायचे. आयुष्यभर रस्त्याकडे तोंड करूनच बोललेला माणूस. चाकं फिरली की त्यांची जीभ सैल व्हायची आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली की तेही थांबायचे, चहाची टपरी शोधायला लागायचे. पण आमचा हायवे आता काँक्रीटचा झालाय. त्यावर टायर असे घरघरतात की गाडीत आपलाच श्वास ऐकू येत नाही, मग बाबांचा कुठला? घरी मी त्यांच्या ओठांकडे बघू शकत होते. इथे मला रस्त्याकडे बघावं लागायचं. "काय, बाबा?" "काय म्हणालात?" पोलादपूर ते महाड मीही तेच करत होते, जे घरचे करत होते. नंतर नंतर ते खिडकीबाहेर बघत बसायला लागले. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो.

दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "विकून टाक ते खेळणं. मोठी गाडी घे. जरा प्रॅक्टिकल हो ना! आणि बाबांना मी मुंबईला घेऊनच येणार आहे, गणपती झाले की. फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, सगळं आहे."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं की. काही बोलले नाहीत."

माझं डोकंच सटकलं. गाडी विकायची नाही आणि बाबांचा शब्द न् शब्द त्याच गाडीत ऐकायचा, असं मी फोन ठेवतानाच ठरवलं.

बिरवाडीत एक कुशनवाला आहे, रिक्षांच्या सीटा शिवतो. त्याला म्हटलं, गाडीतला आवाज कमी करायचाय. तो हसायला लागला. "मॅडम, लोक माझ्याकडे आवाज वाढवायला येतात. स्पोर्ट्स कार घ्यायची आन् आवाज नको?" मी त्याला समजावलं की इंजिनाचा आवाज राहू दे, तो मला आवडतो, त्यासाठीच गाडी घेतली. मला नको आहे ती रस्त्याची घरघर. ती कुठून येते ते शोधायला मी त्याला डिकीत झोपवलं, अंगाची घडी करून, आणि हायवेवर एक चक्कर मारली. बाहेर निघाला तेव्हा केस पिंजारलेले. "सगळा गोंधळ मागच्या चाकांच्या वरनं येतोय," म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो माझ्यापेक्षा जास्त हट्टाला पेटला.

सीटा काढल्या, गालिचा काढला. खाली नुसता पत्रा. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो, त्याला जड काहीतरी चिकटवलं की तो गप्प बसतो, एवढं मी वाचलं होतं. दिवस आगोटीचे होते. पावसाळ्याआधी आमच्याकडे घरोघरी गळती बुजवण्याची कामं निघतात आणि महाडच्या दुकानांबाहेर छपराला लावायच्या डांबरी पट्ट्यांची भेंडोळी येऊन पडतात. आम्ही तीच आणली. मी घरून लाटणं नेलं आणि आम्ही दोघांनी गाडीच्या तळाला, चाकांवरच्या पत्र्याला, दारांच्या आतून, डांबरी पट्टी लाटून लाटून चिकटवली. दारांच्या तळाशी बारीक भोकं दिसली. कुशनवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आगोटीला भोक दिसलं की बुजवायचं, हे आमच्या हातात बसलेलं आहे. विचार कोण करतो? बुजवून टाकली.

आवाज खरंच उतरला. पण मे महिन्याच्या उन्हात गाडीत डांबराचा असा वास सुटला की बाबा खोकायला लागले. आणि पाऊस लागल्यावर एक नवीनच आवाज आला. वळण घेतलं की दारातून डुबुक. ब्रेक दाबला की पुन्हा डुबुक. मी महाडात गाडी थांबवली, दाराच्या तळाची पट्टी नखाने ओढली, आणि दारात साठलेलं सगळं पाणी माझ्या चपलांवर आलं. काचेवरून दारात उतरणारं पाणी बाहेर जावं म्हणूनच ती भोकं असतात. बाबांनी आतून बघितलं. ते हसले, आवाज न होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी दिवसांनी हसताना दिसले, म्हणून मी त्यांच्यावर चिडले नाही.

ती गोष्ट तालुकाभर झाली. लॅबमधले विचारायचे, "मॅडम, दारात मासे सोडले की नाही?" सोडायचे असतील तेव्हा तुमच्याकडूनच घेईन, म्हटलं. आणि पुन्हा सगळं उचकटायला बसले. डांबर खरवडलं. या वेळी गाड्यांसाठीच मिळते ती रबरी शीट मागवली, तिला वास नसतो. तिच्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, मग गालिचा. चाकांच्या वरच्या बाजूला बाहेरून रबरी कोटिंग, दारांना नवीन रबर. भोकं मात्र उघडी. शेवटी टायर बदलायला गेले, रुंद आणि कडक काढून मऊ, कमी आवाजाचे घालायला, तर टायरवाला हळहळला. "असे टायर लावले तर गाडीचा रुबाब जाईल हो."

"रुबाब माझ्याकडे आहे. तुम्ही टायर लावा."

त्यानंतरच्या सुट्टीला आम्ही निघालो. पाऊस थांबला होता. काँक्रीट लागलं. घरघर होती, पण लांबून येत होती, शेजारच्या घरात गिरणी चालू असावी तशी. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी वळणावर आले, आणि माझ्या डाव्या कानाशी स्पष्ट ऐकू आलं.

"तिसऱ्यात घे गो."

मी तिसऱ्यात घेतली. रडत गाडी चालवली असती तर त्यावरही बोलले असते, म्हणून रडले नाही.

मग ते बोलतच राहिले. कुठल्या वळणावर बस बंद पडली, कुणाच्या घरून भाकऱ्या आल्या, मी ब्रेक किती उशिरा दाबते. आणि एका दिवशी महाडहून परत येताना, सावित्री नदीकडे बघत म्हणाले, "मी मुंबयला जाणार नाय. तिथं माझं काय हाय? विचारलं का कुणी मला?"

मी ते दादाला सांगितलं. तो म्हणाला, "हे तू म्हणतेस. बाबा कुठे म्हणाले?"

गणपतीत तो आला, वहिनी, मुलं आणि आठ सीटांची गाडी घेऊन. त्या गाडीत बाबांची जागा अगदी मागे, बॅगांशेजारी. पुढे गाणी चालू. घरात आरत्या, झांजा, पाहुणे. वहिनीने बाबांचे कपडे भरायलाही काढले. बाबा दोनदा बोलायला उभे राहिले आणि दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी दादाच्या हातात लाल गाडीची किल्ली ठेवली. "बाबांना महाडपर्यंत फिरवून आण."

"आत्ता? आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना जागा नाही," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

ते गेले. चुलती म्हणाली, घासणार गाडी. मी पायरीवर बसून राहिले. परत आले तेव्हा बाबा आधी वर चढून आले, चेहरा शांत. दादा मागून सावकाश आला आणि किल्ली माझ्या हातात देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी क्लच जाळतो म्हणतात."

"ऐकू आलं ना?"

"आलं. सगळं आलं."

वहिनी दारात आली. कपड्यांची बॅग तिच्या हातातच होती. "काय ठरलं? काय म्हणाले बाबा?" तिने त्याला विचारलं.

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत जाऊन त्याने टीव्ही बंद केला.

"त्यांनाच विचार," तो म्हणाला.