पांढऱ्या गाडीची खरखर आणि कौसाआत्या

कौसाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजात एका गाडीखाली उताणा पडलो होतो. फोन बायकोनं घेतला. खाली वाकून ती एवढंच म्हणाली, "आत्या गेल्या." मी बाहेर आलो नाही. सायलेन्सरची काजळी तोंडावर पडत होती, ती पडू दिली... त्याला आता दीड महिना झाला. भेटायला आलेली माणसं म्हणतात, आत्या लई मायाळू होत्या. होत्याच. पण मला तिची दुसरी गोष्ट सांगायची आहे. आत्यानं एकदा सूड घेतला होता, आणि तो मी जवळून पाहिला.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. केज तालुक्यातल्या माळांवर मेंढरं राखत तिनं जन्म काढला, आणि माझी आई वारल्यावर मलाही त्याच मेंढरांमागे वाढवलं. कळपाकडे पाठ करून भाकरी थापताना कुठलं कोकरू खोकलं ते ती सांगायची. पुढे मी सायलेन्सरच्या कामात पडलो, नांदूरघाटच्या रस्त्याला गॅरेज टाकलं, आणि आवाजाची तक्रार घेऊन लांबलांबून गाड्या यायला लागल्या. लोक म्हणायचे, याला कान आहे. तो कान आत्याचा होता.

चार वर्षांपूर्वी एका ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून ती कळप नेत होती. मागून पांढरी गाडी आली. मूळ सायलेन्सर काढून सरळ नळी बसवलेली, पत्रा टराटरा फाडावा तसा आवाज. गाडीवाल्याचं नाव मी लिहीत नाही. दोन मिनिटं तो थांबला असता तर कळप पलीकडे उतरला असता. त्यानं गाडी उभी केली आणि जागेवरच रेस दिली. मग पुन्हा दिली. गाडीत शेजारी बसलेला मित्र मोबाइलवर सगळं टिपत होता. मेंढरं बिथरली. पुलाला कठडा नव्हता. सात मेंढरं खाली दगडांवर जाऊन पडली, आणि उरलेल्यांना आवरायला धावलेली आत्या त्यांच्याच पायाखाली आली. तिचा खुबा मोडला. व्हिडिओत ती पडलेली दिसते आणि दोघांचं हसणं ऐकू येतं. तालुकाभर फिरला तो. चूक झाली म्हणायला मात्र कुणी आलं नाही.

कळप विकावा लागला. मी तिची खाट गॅरेजच्या पत्र्याखाली टाकली. एकदा तिनं तो व्हिडिओ लावायला सांगितला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "त्यो येईल हितं."

"कावून येईल त्यो?" मी चिडून विचारलं. ती रस्त्याकडे बघत राहिली.

आणि गेल्या उन्हाळ्यात तो खरंच आला. गाडीची खरखर कमी करायची होती. दोन ठिकाणी काम करून झालं होतं, आवाज उलट जास्तच फाटला होता. माझ्या हातात पाना होता, आणि तो कुठे घालावा एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तेवढ्यात तो खालच्या आवाजात बोलायला लागला. वर्षाची मुलगी आहे. गाडी दारात आली की किंचाळते, बापाला अंगाला हात लावू देत नाही. त्याची आई म्हणते, त्या मेंढरंवालीचा तळतळाट लागला. तेव्हा मला कळलं, हा माझ्याकडे आलेलाच नाही.

तो खाटेपाशी गेला. "मावशी, चुकलं माजं."

आत्या म्हणाली, "गाडी चालू कर."

तिनं डोळे मिटून ऐकलं. "मागं न्हाई. मधी कुटंतरी फाटलंय." मी खाली शिरून पाहिलं, तर मधल्या जोडातून धूर फुसफुसत होता. जोड नवा केला, पातळ नळी काढून जाड घातली, मध्ये आवाज गिळणारा डबा बसवला, मागे मोठा सायलेन्सर. रोज दुपारी तो यायचा, गाडी चालू करायचा आणि तिच्यासमोर उभा राहायचा. "मावशी, आता?"

"न्हाई. खरखर हाय."

मी पुन्हा खोलायचो, पुन्हा जोडायचो. तो समोरच्या दगडावर भर उन्हात बसून राहायचा. ज्यांनी व्हिडिओ पाहिला होता ती माणसं रस्त्यानं जाताना थबकायची. एकानं खिशातून मोबाइल काढला, तशी आत्या खाटेवरून ओरडली, "घे की टिपून! लाजतो कशाला?" गाडीवाल्यानं मान वर केली नाही. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "ने आता." त्यानं विचारलं, "आवाज गेला का मावशी?" तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो इथून जाताना दर वेळी गाडी हळू करायचा, काच खाली घ्यायचा. आत्या नुसता हात हलवायची. नाही.

शेवटच्या दिवसांत एकदा अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होतो. अचानक तिला हसू फुटलं. "तिसऱ्याच दिशी गप झालती रं ती गाडी."

"मग न्हाई न्हाई कावून म्हनत व्हतीस?"

"माजी सात गेली व्हती..." हसता हसता तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "त्याला सांग आता. खरखर गेली म्हनावं. लेकरू हाय त्याच्या घरात." मी हो म्हणालो.

दहाव्याला तो आला. गाडी दारात येऊन उभी राहीपर्यंत मला कळलंही नव्हतं, इतकी ती मऊ चालत होती. लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. "जाताना कायी म्हनल्या का मावशी? गाडीचं?"

पत्र्याखाली तिची खाट तशीच होती. घोंगडी मीच घडी करून ठेवली होती. तिच्याकडे बघत मी म्हणालो, "म्हनली. खरखर हाय म्हनली अजून."

तो गाडीपाशी गेला, ती चालू केली, मागे आला, आणि पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत गुडघे टेकून नळीपाशी कान नेला. किती तरी वेळ तसाच होता.

"मला तर कायीच ऐकू येईना, दादा," तो म्हणाला.

"मला येतंय," मी म्हणालो.