अंबाडीचा दोर

दोर वळण्यासाठी ओढ्यात भिजत घातलेली अंबाडी कुजू लागली की तिला एक आंबूस, हिरवट दर्प येतो. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात तो दर्प वाऱ्यावरून दारात आला, की माझ्या मनात नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होई. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात होते तेव्हा वेदीवरचं जांभळं वस्त्र आणि बाजाच्या पेटीचे संथ सूर एवढीच या चार रविवारांची ओळख होती. लग्न होऊन निजामाच्या अमलातल्या, कड्याहून आष्टीला जाणाऱ्या वाटेवरच्या या गावी मास्तरीण म्हणून आले, आणि प्रभूच्या येण्याची वर्दी मला अंबाडी देऊ लागली.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. चौदा घरं महारवाड्यातली, म्हणजे माझ्याच जातीची, आणि दोन मांगवाड्यातली. दोर वळणं हे मांगांचं पिढीजात काम. त्या दोन घरांतल्या रिबकाचा नवरा दर नाताळाआधी मंडळीच्या विहिरीसाठी नवा दोर वळून देई. प्रभूला त्याची तीच भेट. तो दोर दिवसातून शंभरदा पाण्यात बुडे, आमच्या हातांतून सरके, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. रिबका पाण्याला आली, की मांगाच्या हातानं विहीर बाटेल म्हणून तिनं मात्र ओट्याच्या तीन पायऱ्यांखाली उभं राहायचं आणि आमच्यापैकी कुणीतरी वरून तिच्या घागरीत पाणी सोडायचं. मीही सोडत असे, हात चांगला उंच धरून. आणि आपण किती कनवाळू म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेत असे. लहानपणी आईच्या पदराला धरून गावविहिरीखाली आम्हीही असंच मान वर करून ताटकळत उभे असायचो, हे मी विसरले नव्हते. आठवत असूनही ते मला दिसत नव्हतं, इतकंच.

आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवसाची ती सकाळ. माझे यजमान, मंडळीचे मास्तर, आष्टीला पाद्रीसाहेबांना आणायला गेले होते. आम्हा बायकांना प्रार्थनाघर सारवायचं होतं, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यायचा होता. पाणी पुष्कळ लागणार होतं. विहिरीचा जुना दोर पहाटेच कापून कुडाच्या बांधणीला वापरला होता. रिबका नवा दोर घेऊन आली. सोनेरी, अजून ओलसर, त्याच दर्पाचा. तिनं तो पायरीवर ठेवला नाही. खांद्यावरच्या वेटोळ्यावर हात ठेवून ती उभी राहिली.

"दोर आमचा चालतो," ती म्हणाली. "मग हात कावून चालत न्हाई?"

कप्पीवर एक चिमणी येऊन बसली आणि उडून गेली. मग मार्थाकाकू पुढे झाल्या. मंडळीत सर्वांत वडील त्याच. दुष्काळात ही विहीर खणली तेव्हा त्यांनी डोक्यावरून दगड वाहिले होते, आणि गावच्या पाण्यासाठी आयुष्यभर सोसलेला अपमान त्यांच्या आवाजात कायमचा मुरला होता.

"गावानं आमाला थेंब दिला न्हाई. ही हीर आमी नखानं उकरली हाय. हिनं शिवली तर आमची चौदा घरं नाताळाला येणार न्हाईत, मास्तरीणबाई. सांगा तिला."

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. संध्याकाळी पाद्रीसाहेब येणार, प्रार्थनाघर ओस दिसणार, मास्तरांची इतक्या वर्षांची मेहनत मातीला मिळणार, हे सारं माझ्या डोळ्यांपुढून सरकलं. मी भ्याले. भ्यालेलं माणूस उपदेश फार लवकर करतं.

"रिबका," मी म्हणाले, "ख्रिस्ती माणसानं नम्र असावं गं."

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "नम्र हाय म्हून तर इतकी वरसं खालीच उभी हाय, बाई. नम्र व्हायचं ते आमीच का?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. नम्रतेचा धडा मी नेहमी खालच्या पायरीकडे तोंड करूनच दिला होता. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला. त्या रागातच मी माझी घागर उचलली, तीन पायऱ्या उतरले आणि रिबका रोज जिथे उभी राही तिथल्या ओल्या, शेवाळलेल्या दगडावर जाऊन उभी राहिले.

"वर जा," मी म्हणाले. "मला वाढ."

मागे कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. रिबका मात्र थबकली. तिलाही ते सोपं नव्हतं. मग ती एकेक पायरी चढली, कप्पीवर दोर चढवला, पोहरा बांधून खाली सोडला. नव्या अंबाडीची करकर ऐकत मी मान वर करून उभी होते. खालून ओटा फार उंच दिसतो. वरच्या बाईचा चेहरा उन्हाआड जातो, दिसतो तो फक्त हात, आणि तो किती वर राहील, हे आपल्या हाती नसतं.

पाण्यानं भरलेला पोहरा वर आला. मी नकळत डोळे मिटले, अंगावर उडणाऱ्या पाण्यासाठी. पाणी उडालं नाही. रिबका वाकली, गुडघा टेकून आणखी वाकली, आणि पोहऱ्याचा काठ माझ्या घागरीच्या काठाला लागला. पाणी आवाज न करता आत आलं.

आता ते पिणं भाग होतं. सगळ्या पाहत होत्या. मी घागर दगडावर टेकवली, कलती करून चूळभर पाणी हातात घेतलं, तोंडाशी नेलं, आणि माझा हात थांबला. क्षणभरच. बोर्डिंगातली सारी वर्षं, पाठ केलेली सारी वचनं, आणि तरीही माझ्या रक्तातलं काहीतरी त्या पाण्यापाशी अडून बसलं. मग मी प्याले. अंबाडीच्या किंचित वासाचं, गार, रोजचंच पाणी.

मान वर केली तेव्हा मार्थाकाकू पाठ फिरवून चालू लागल्या होत्या. दहा-बारा पावलं जाऊन त्या थबकल्या. त्यांची रिकामी घागर पायरीवरच राहिली होती. त्या वळल्या नाहीत, पुढेही गेल्या नाहीत.

रिबकानं माझा थांबलेला हात पाहिला होता. मला ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. काकूंच्या त्या घागरीकडे तिनं एकदा पाहिलं, आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.