रोहूची चौकशी

गेल्या रविवारी ठाकुर्लीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी मित्राने दिलेला हातभर लांब रोहू कचऱ्यात टाकला. लग्नानंतर जावई पहिल्यांदाच जेवायला आला होता. काकूंचं वाटण तयार होतं.

काका स्वतः नदीत गळ टाकतात, पण केमिकलचा नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला. दुसऱ्याने दिलेल्या माशाचा ते आधी पत्ता विचारतात. त्यांनी मित्राला फोन लावला.

"नाल्याच्या वर पकडलास की खाली?"

"खाली. पण ताजा आहे रे, फडफडत होता."

"फडफडू दे. केमिकल शिजवून जात नाही."

काकू म्हणाल्या, "जावयाची एवढी चौकशी केली नव्हतीत."

जावई मोठ्याने हसला. काकूंनी अंड्याचं कालवण केलं. त्याने ते पुन्हा मागून घेतलं.